समाईक विहीर आणि महासागर

सृष्टी ही परमेश्वराने मानवजातीच्या हाती सोपविलेली ठेव आहे, असे आपण श्रद्धेने मानतो. परंतु ठेव सर्वांची असताना तिच्या रक्षणासाठीच एखाद्याने तिच्यात फेरफार करावयाचे ठरविले, तर त्याने परवानगी कोणाकडे मागावी? हा प्रश्न २००९ साली दक्षिण महासागरात प्रत्यक्ष उभा राहिला.

त्या महासागरात नायट्रेटसारखी पोषकद्रव्ये विपुल असली तरी लोहाची वाण आहे. लोह मिसळल्यास तेथील सूक्ष्म वनस्पती फोफावतील, हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषतील आणि मेल्यावर तो कार्बन खोल समुद्रात नेतील, असा विचार अमेरिकन सागरशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडला. पुढे काही कंपन्यांना त्यात नफा दिसू लागला, तेव्हा राष्ट्रे सावध झाली.

मे २००८ मध्ये जर्मनीतील बॉन शहरी जैवविविधता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी असे ठरविले की, पुरेसा शास्त्रीय आधार मिळेपर्यंत हे उद्योग होऊ नयेत. अपवाद केवळ किनाऱ्यालगतच्या लहान संशोधनाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या लंडन कराराच्या राष्ट्रांनी मात्र रीतसर तपासणीअंती शास्त्रीय संशोधनास वाट मोकळी ठेवली. एकाच वर्षी दोन व्यासपीठांवर दोन मापे ठरली.

जानेवारी २००९ मध्ये ‘पोलरस्टर्न’ ही जर्मन संशोधन नौका केप टाउनहून निघाली. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांचा हा संयुक्त प्रयोग होता. त्याचे ‘लोहाफेक्स’ हे नावही आपल्या ‘लोह’ शब्दावरून पडले. पर्यावरणवादी संघटनांनी आक्षेप घेतला. जर्मन पर्यावरण मंत्रालयाने बॉनच्या ठरावाकडे बोट दाखविले. संशोधन मंत्रालयाने प्रयोग थोपविला आणि तज्ज्ञांचे अभिप्राय मागवून महिनाअखेरीस परवानगी दिली. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळण्यात आले. वनस्पती वाढल्या खऱ्या. पण त्या पाण्यात सिलिका अत्यल्प असल्याने कवचधारी डायटम वाढले नाहीत, आणि इतर वनस्पती सूक्ष्म जलचरांनी फस्त केल्या. खोल समुद्रात फारच थोडा कार्बन गेला.

कायदा मात्र पाठीमागेच राहिला. २०१२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे एका खासगी उपक्रमाने सुमारे १०० टन लोहयुक्त द्रव्य समुद्रात ओतले. २०१३ साली लंडन शिष्टाचारात दुरुस्ती झाली: असे काम परवान्याविना होऊ नये, आणि परवाना केवळ संशोधनासाठी मिळावा. परंतु ती अमलात येण्यास लागणारी राष्ट्रांची संमती पुढील दहा वर्षांतही पूर्ण झाली नाही.

येथे विज्ञानाला दोष देण्याचे कारण नाही. आशा किती पोकळ होती, हे त्या प्रयोगानेच दाखवून दिले. खंत आहे ती वेगळी: नौका निघाल्यावर प्रश्न विचारला गेला, आणि निर्णय एका राष्ट्राच्या मंत्रालयांत झाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात महासागरांच्या विस्कळीत कारभाराकडे लक्ष वेधले, ते याच जातीच्या उणिवेमुळे.

समाईक विहिरीत औषध टाकायचे, तर त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या प्रत्येक घराला आधी विचारावे लागते. औषध गुणकारी असले तरीही विचारावे लागते. महासागर ही सर्वांत मोठी समाईक विहीर आहे, आणि तिच्या वाटेकऱ्यांत अजून जन्माला न आलेली मुलेही आहेत.