पियानोदुरुस्तीतील संरचनाशास्त्र

पियानोदुरुस्तीतील संरचनाशास्त्र म्हणजे पियानोच्या तारा, लोखंडी चौकट, लाकडी भाग आणि वाद्याखालची स्लॅब यांवर येणाऱ्या भारांचा विचार होय. स्वर लावणारा कारागीर हे ज्ञान अनेकदा स्थापत्याच्या प्राथमिक पुस्तकांतून आणि हाताखालच्या वाद्यातून स्वतःच मिळवतो.

ताण आणि चौकट

पियानोत सुमारे २३० तारा असतात व त्यांचा एकत्रित ताण साधारणतः १८ ते २० टन भरतो. तो पेलण्यासाठी अमेरिकेत आल्फियस बॅबकॉक यांनी १८२५ मध्ये अखंड ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. जोनास चिकरिंग यांचे ग्रँड पियानोच्या चौकटीचे पेटंट १८४३ चे आहे. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, ओढ मात्र कमी. तारा चौकटीपासून थोड्या अंतरावर ताणलेल्या असल्याने दाबाबरोबर वाकणही निर्माण होते. नवशिक्याच्या हिशेबातून बहुधा हेच निसटते.

तारेचा ताण कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा स्वर उतरलेला पियानो मूळ पट्टीत आणताना कंप्रता सुमारे ६ टक्के, ताण मात्र सुमारे १२ टक्के, म्हणजे एकूण २ टनांहून अधिक वाढतो. त्यामुळे स्वर दोन-तीन फेऱ्यांत चढवतात. घाई केल्यास गंजलेल्या तारा तुटतात. चौकटीलाच तडा गेला तर ओतीव लोखंड जोडणे अवघड असल्याने वाद्य बहुधा निकामी होते.

मुंबई उपनगरांतील परिस्थिती

पावसाळ्यात येथील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. ध्वनिफलकाचे लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, घोडी वर उचलली जाते आणि मधले स्वर चढतात. हिवाळ्यात ते पुन्हा उतरतात. ऐन पावसाळ्यात लावलेला पियानो म्हणूनच डिसेंबरपर्यंत टिकत नाही.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील सदनिकांत स्लॅबचा प्रश्नही येतो. आयएस ८७५ (भाग २) नुसार निवासी खोलीसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, इतका चलभार धरतात. उभा पियानो बहुधा २०० ते २५० किलोंचा असतो व जेमतेम एक चौरस मीटर जागा व्यापतो. स्लॅब भार आजूबाजूला पसरवत असल्याने हे सहसा धोक्याचे नसते. परंतु खाऱ्या हवेने सळया गंजलेल्या जुन्या इमारतीत हिशेब बदलतो. ३० वर्षांहून जुन्या इमारतींना मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक असून तिचा अहवाल पियानो आणण्यापूर्वी पाहणे योग्य ठरते. वाद्य खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईलगतच्या भिंतीशी ठेवल्यास स्लॅबचे वाकण कमी होते. बाहेर झुकलेल्या बाल्कनीत ते कधीच ठेवत नाहीत.