शोध कोणाच्या मुलीचा? मानवतची हत्यासत्रे आणि रहस्यकथेतील बाप

निवृत्त झालेला गुप्तहेर. नोकरीच्या व्यापात दुरावलेली, अबोला धरून निघून गेलेली मुलगी. शहरात एकामागून एक घडणारे खून. आणि त्या खुनांच्या वाटेवर आपल्या लेकीची पावले शोधत निघालेला बाप. हे कथानक आता इतके परिचयाचे झाले आहे की पहिल्या दहा पानांत वाचक शेवट सांगू शकतो. स्वीडिश लेखक हेनिंग मान्केल यांचा वालांडर आणि त्याची मुलगी लिंडा यांच्यातील ताणाताणी, किंवा २००८ साली आलेल्या 'टेकन' या चित्रपटातील निवृत्त हेर आणि पळवली गेलेली त्याची मुलगी, ही त्याची ठळक उदाहरणे. आम्ही अशा कथा आवडीने वाचतो. तरीही प्रत्येक वेळी एक प्रश्न मागे उरतो: हरवलेली मुलगी शोधणाऱ्याचीच असावी, अशी अट कथेला का घालावी लागते?

मराठी रहस्यकथेने ही अट फारशी घातलेली नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळा पहाड ही त्यांची पात्रे वाचनालयांच्या फळ्यांवरून दोन पिढ्यांच्या हातांत गेली. आमच्या देवपुरातल्या घरांतही ही पुस्तके पुठ्ठा निखळेपर्यंत फिरली. आम्हांला आठवतात त्या कथांत नायक दुसऱ्यांच्या घरातले हरवलेले शोधून देतो. त्याच्या स्वतःच्या घरातून काही हरवत नाही. तो निर्धास्त असतो, म्हणून वाचकही निर्धास्त असतो. गुप्तहेराला दुरावलेली मुलगी देणे म्हणजे ही निर्धास्तता काढून घेणे होय. पण त्यातच एक कबुली दडलेली आहे: परक्याच्या मुलीसाठी कोणी इतके जिवावर उदार होईल, यावर वाचकाचा विश्वास बसणार नाही, असे लेखकाला वाटते.

परक्यांच्या मुली हरवल्या आणि सापडल्या त्या प्रेतांच्या रूपाने, असे महाराष्ट्रात खरोखर घडले. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात दहा हत्या झाल्या. मेलेल्यांत दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली होत्या, वर्षभराचे एक तान्हे मूल होते आणि चार स्त्रिया होत्या. हा १९७२ च्या दुष्काळाचा काळ. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, रोजच्या भाकरीची भ्रांत होती. अशा दिवसांत शेतावर, ओढ्याकाठी, पायवाटेवर गेलेली पोर घरी परतली नाही, तर तिचा बाप कोणाकडे जाणार? त्याला कथेतल्या नायकासारखे निवृत्तिवेतन नव्हते, जुने सहकारी नव्हते, पोलीस ठाण्यात त्याच्या शब्दाला वजन नव्हते.

पहिल्या हत्येपासून शेवटच्या हत्येपर्यंत जवळजवळ चौदा महिने गेले. या चौदा महिन्यांकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. रहस्यकथेत एका खुनानंतर दुसरा खून होतो तो उत्कंठा वाढावी म्हणून. मानवतमध्ये पहिल्या खुनाचा छडा लागला नाही म्हणून दुसरा झाला, दुसऱ्याचा लागला नाही म्हणून तिसरा.

तपासासाठी तेथे गेलेले अधिकारी रमाकांत कुलकर्णी. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांतल्या आणि उघड्यावर झोपणाऱ्या गोरगरिबांना ठार करणाऱ्या रामन राघवला पकडण्यात आले, तेव्हा मुंबईच्या गुन्हे शाखेचे उपायुक्त तेच होते. बळी कोण होते ते पाहिले, तर दोन्ही प्रकरणांतले साम्य डोळ्यांत भरते. दोन्हीकडे मेले ते ज्यांच्या मरणाची बातमी होण्यासाठी आकडा वाढावा लागतो असे लोक. कुलकर्णींनी पुढे निवृत्तीनंतर 'फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम' या नावाने इंग्रजीत आठवणी लिहिल्या. २०२४ साली आलेली 'मानवत मर्डर्स' ही मालिका त्यांवर आधारलेली आहे. त्याआधी १९८१ साली विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर अमोल पालेकरांनी 'आक्रीत' हा चित्रपट केला होता. म्हणजे या प्रकरणाला कलाकृतींची वाण पडलेली नाही.

सरकार पक्षाने न्यायालयापुढे मांडलेला हेतू असा होता: गुप्तधनाची हाव आणि अपत्य नसल्याचे दुःख. पिंपळावरच्या मुंजाला कुमारिकांचे रक्त वाहिले तर धनही मिळेल आणि कूसही उजवेल, अशी समजूत. ही समजूत नीट पाहिली पाहिजे. आपल्या घरी मूल यावे म्हणून दुसऱ्याच्या घरचे मूल घ्यायचे. आणि घ्यायचे ते मुलीचेच. लेकराची आस आणि लेकीची किंमत शून्य, या दोन गोष्टी एकाच मनात नांदू शकतात. हे मन एका गावापुरते किंवा एका काळापुरते आहे असे म्हणून सुटका करून घेण्याची आम्हां खानदेशकरांना सोय नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या साडेआठशेच्याही खाली होती. त्या न जन्मलेल्या मुलींसाठी पिंपळ लागला नाही, मांत्रिक लागला नाही. एक यंत्र पुरले, आणि तपासाला कोणी अधिकारी मुंबईहून आला नाही.

खटल्यात अठरा जणांवर आरोप ठेवले गेले; त्यांपैकी दोघे माफीचे साक्षीदार झाले. सत्र न्यायालयाने कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांना दोषी ठरवले होते, ते उच्च न्यायालयात सुटले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. प्रत्यक्ष हत्यांत सहभागी ठरलेल्यांपैकी काहींची शिक्षा मात्र टिकली. कारण स्पष्ट होते. माफीचा साक्षीदार हा स्वतः गुन्ह्यातला भागीदार असतो; स्वतंत्र पुराव्याचा दुजोरा असल्याशिवाय केवळ त्याच्या शब्दावर दुसऱ्याला दोषी धरणे सुरक्षित नाही. हा दुजोरा प्रत्येक आरोपीपुरता वेगळा मिळावा लागतो. कटाच्या बाबतीत तो मिळाला नाही.

हे वाचून मन खट्टू होते, हे आम्ही नाकारत नाही. कथा अशी संपत नाही. कथेत शेवटच्या प्रकरणी सूत्रधार सापडतो, आणि मुलगी बापाच्या गळ्यात पडते. येथे मुली परतणार नव्हत्याच, आणि सूत्रधार कोण हेही कायद्याच्या दृष्टीने सिद्ध झाले नाही. गावगप्पांत, चित्रपटांत, मालिकांत ही जागा भरली गेली आहे. पण लोकांच्या मनातला निकाल आणि न्यायालयाचा निकाल यांत जे अंतर राहिले, ते अंतर म्हणून जपण्यातच शहाणपण आहे.

याबाबतीत आमच्या गावाने आम्हांला एक धडा दिलेला आहे. देवपुरातून पांझरा ओलांडून धुळे शहरात गेले की राजवाडे संशोधन मंडळाची वास्तू लागते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांच्या मागे १९२७ साली हे मंडळ उभे राहिले. राजवाडे हे एका अर्थी आमच्या परिचयाचे पहिले गुप्तहेर. पत्नी तरुणपणीच गेली, पुन्हा लग्न केले नाही. वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरच्या दप्तरांतून ते कागद शोधत हिंडले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे बावीस खंड निघाले. बखरीवर विसंबू नका, समकालीन अस्सल कागदाशी ती ताडून पाहा, हा त्यांचा आग्रह होता. बखर रंगतदार असते, सलग असते, तिला सुरुवात आणि शेवट असतो. अस्सल पत्र बहुधा तुटक असते, मध्येच सुरू होते, मध्येच संपते. तरीही विश्वास पत्रावर ठेवायचा.

माफीच्या साक्षीदाराविषयीचा न्यायालयाचा नियम आणि बखरीविषयीचा राजवाड्यांचा नियम आम्हांला एकच वाटतो. दोन्ही सांगतात की सलग गोष्ट हा पुरावा नव्हे. ज्याला शोध घ्यायचा आहे त्याने गोष्टीच्या मोहातून आधी सुटले पाहिजे. म्हणूनच निवृत्त गुप्तहेर आणि त्याची मुलगी हे कथानक आम्हांला इतिहासाच्या दृष्टीने उणे वाटते. बाप म्हणून तो दुजोऱ्याची वाट पाहणार नाही. पाहू शकणारही नाही. त्याच्या हातून सुटलेला संशयित आपण मनोमन टाळ्या वाजवून मारू. कथेत हे खपते, कारण तेथे संशयित चुकीचा नसल्याची हमी लेखकाने दिलेली असते. मानवतमध्ये अशी हमी कोणी द्यायची?

मग बापाचे काय? त्याच्या वाट्याला काय उरते? आमचे उत्तर एवढेच की त्याच्यासाठी न्याय शेवटच्या प्रकरणात नव्हता, पहिल्यात होता. नोव्हेंबर १९७२ मध्ये पहिली मुलगी गेली, तेव्हाच तिचा शोध ती जणू एखाद्या वजनदार घरची लेक आहे अशा निकडीने झाला असता, तर उरलेल्या नऊ जणांची गोष्ट सांगण्याची वेळ कदाचित आली नसती. आणि पुराव्याचे दुवेही ताजे असताना हाती लागले असते.

या प्रकरणाला आज आपण गावाच्या नावाने ओळखतो. आरोपींची नावे अनेकांना पाठ आहेत. त्या पाच मुलींची नावे निकालपत्रात आहेत, लोकांच्या तोंडी नाहीत. रहस्यकथा वाचताना नायकाच्या मुलीचे नाव आपण पहिल्या पानापासून लक्षात ठेवतो, कारण ती त्याची आहे. परक्याच्या मुलीचे नाव तेवढ्याच काळजीने लक्षात ठेवायला कोणतीही कथा आपल्याला भाग पाडत नाही. ते काम इतिहासाचे आहे, आणि पोलीस ठाण्यात हरवल्याची पहिली नोंद लिहून घेणाऱ्या हाताचेही.