खेतवाडीतला पोटमाळा

इंचगिरी संप्रदायात साधनेच्या दोन वाटा सांगतात : पिपीलिका, म्हणजे मुंगीची, आणि विहंगम, म्हणजे पाखराची. जत तालुक्यातल्या उमदीचे भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) मुंगीच्या वाटेचे. गुरूने दिलेले नाम घेऊन तासन्‌तास ध्यानाला बसायचे, हा त्यांचा शिरस्ता. त्यांचे शिष्य गुरुदेव रानडे यांनी निंबाळला तोच पुढे चालवला. दुसरे शिष्य, सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६). त्यांनीही आधी कठोर ध्यानच केले. मग मात्र श्रवण-मननाची, विचाराची जवळची वाट शिष्यांना मोकळी करून दिली. फळापर्यंत मुंगीही पोचतेच, पण पाखरू थेट फांदीवर उतरते.

१९३३च्या सुमारास मुंबईतला एक विडी-दुकानदार, मारुती कांबळी, मित्राच्या आग्रहाने सिद्धरामेश्वरांकडे गेला. घराणे कांदळगावचे. हाच पुढे निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखला गेला. गुरूने सांगितलेले एवढेच : तू स्वतःला जो समजतोस तो तू नाहीस, ‘मी आहे’ ही जाणीव धरून राहा. आपण विश्वास ठेवला आणि तसे केले, इतकीच आठवण महाराज पुढे आयुष्यभर सांगत. गुरूची प्रवचने त्यांनी स्वतः टिपून ठेवली. गुरू गेल्यावर १९३७ साली ते घर सोडून निघाले आणि काही महिन्यांनी परतले. तोवर अनेक दुकानांपैकी एकच उरले होते. तेच त्यांनी पुढे चालवले.

शिकवणे चाले खेतवाडीतल्या घराच्या पोटमाळ्यावर. चढायला उभा जिना, भिंतीवर गुरुपरंपरेच्या तसबिरी, आरती-भजन, उदबत्तीच्या वासात मिसळलेला विडीचा धूर. महाराज मराठीत बोलत, परदेशी पाहुण्यांसाठी दुभाषी बसे. दुभाष्याचे काम सोपे नव्हते. संप्रदायात ‘विज्ञान’ म्हणजे ज्ञानाच्याही पलीकडची अवस्था. शाळेतल्या विज्ञानाशी तिचा संबंध नाही. ‘जाणीव’ आणि ‘आहेपणा’ यांना तर इंग्रजीत एकेक शब्दही पुरत नाही. भाषांतरे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

संवादांच्या मराठी ध्वनिफितींवरून मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजी अनुवाद केला आणि १९७३ साली ‘आय ॲम दॅट’ हे पुस्तक मुंबईच्या चेतना प्रकाशनाने काढले. फ्रीडमन पोलंडचे अभियंते. औंध संस्थानातल्या स्वराज्याच्या प्रयोगातही त्यांचा हात होता. पुस्तकानंतर जिन्यावरची वर्दळ वाढली. त्या काळच्या अनेक आठवणी परदेशी पाहुण्यांनी लिहिल्या आणि त्यांत विडीला जरा जास्तच जागा मिळाली.

घशाच्या कर्करोगाने आवाज खोल गेला, तरी बैठका शेवटच्या महिन्यांपर्यंत चालू होत्या. ८ सप्टेंबर १९८१ रोजी महाराज गेले. त्यांच्या गुरूंची, सिद्धरामेश्वरांची, समाधी मुंबईतच वाळकेश्वरला बाणगंगेवर आहे.