चार बाइटची कोंबडी, ७७ बाइटचा मसाला

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या पहिल्या नोकरीतल्या एका रात्रीपासून करतो. ऑन-कॉलची पहिलीच पाळी, रात्री अडीचला फोन: सर्व्हरची डिस्क भरली! आम्ही मीटरची रीडिंग जावा प्रोग्राममधून फाइलमध्ये साठवत होतो. एक रीडिंग म्हणजे जेमतेम डझनभर बाइट. हिशेबाने डिस्क वर्षभर पुरायला हवी होती, ती सव्वा महिन्यात संपली. फाइल उघडून बघितली तर आकडे शोधावे लागत होते. डोळ्यांसमोर येत होतं ते आमच्या क्लासचं लांबलचक नाव. पुन्हा पुन्हा तेच.

हा घोळ जुना आहे. फाइलमध्ये ७ हा आकडा ठेवायचा, तर तो आकडा आहे, अक्षर नाही, हे वाचणाऱ्याला कसं कळणार? १९८४ साली टेलिफोनवाल्यांच्या जागतिक मानकात, ज्याला पुढे एएसएन-वन म्हणू लागले, उत्तर होतं: प्रत्येक गोष्टीने आधी स्वतःची ओळख सांगायची. प्रकार, लांबी, मग माल. ७ साठी ३ बाइट. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८७ मध्ये एक्सडीआर नावाची पद्धत जाहीर केली, ती बरोबर उलटी. ओळखबिळख काही नाही, दोन्ही बाजूंना क्रम आधीच पाठ असला पाहिजे. ७ साठी ४ बाइट, आणि गंमत म्हणजे नुसतं हो की नाही सांगायलाही ४ बाइटच.

मग त्याच सन कंपनीने १९९७ मध्ये जावा १.१ आणलं आणि थेट दुसरं टोक गाठलं. एक इंटीजर ऑब्जेक्ट त्यांच्या पद्धतीने फाइलमध्ये लिहा, ८१ बाइट होतात. त्यात तुमचा आकडा ४ बाइटचा. बाकीचे ७७? सुरुवातीची खूण ४. क्लासचं पूर्ण नाव १७, त्याच्या वरच्या क्लासचं नाव १६. दोघांचे ओळख-क्रमांक ८-८. आतल्या फील्डचं नाव ५. उरलेले १९ लांब्या आणि बारीकसारीक खुणा. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, इथे मसाला त्याच्याही पुढे गेला.

पण त्यांना वेड्यात काढू नका हं. त्याच जावा १.१ मध्ये एका मशीनवरचा ऑब्जेक्ट दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय आली होती. पलीकडच्या प्रोग्रामला कुठल्या क्लासचा पाहुणा दारात येणार हे आधी माहीत नसायचं. पाहुण्याने नाव-गाव सांगितलंच पाहिजे. आणि एकाच प्रवाहात दुसरा इंटीजर लिहिला की जावा नाव पुन्हा लिहीत नाही, ‘मघाचाच क्लास’ एवढी खूण टाकते. तो १० बाइटमध्ये बसतो. हजार वेगवेगळे आकडे एकाच प्रवाहात लिहिले तर १०,०७१ बाइट. प्रत्येकासाठी नवा प्रवाह उघडला तर ८१,०००.

आम्ही नेमकं हेच करत होतो. प्रत्येक रीडिंगला नवा प्रवाह! मी हजार-हजारचे गठ्ठे केले, डिस्क सुटली, कौतुकही झालं. मग अंगात आलं, आणि क्लासमध्ये एक फील्ड वाढवलं. दुसऱ्या दिवशी जुनी एकही फाइल उघडेना. तो ८ बाइटचा ओळख-क्रमांक आठवतोय? आपण स्वतः दिला नाही तर जावा तो क्लासच्या रचनेवरून काढते. रचना बदलली, क्रमांक बदलला, जावाने ओळख नाकारली. सहा महिन्यांची रीडिंग, आणि त्यावर लोकांची बिलं अडलेली. शेवटी गिटमधून जुना क्लास काढला, त्याचा क्रमांक मोजला, नव्या क्लासमध्ये हाताने लिहिला, तेव्हा फाइली उघडल्या. म्हणजे ७७ बाइट ओळखीवर खर्च करूनही आम्ही अडलो. मला जागेपेक्षा हे जास्त लागलं.

गूगलने २००१ च्या सुमारास घरातल्या वापरासाठी प्रोटोकॉल बफर्स बनवले आणि २००८ मध्ये सगळ्यांना खुले केले. त्यात फील्डचं नाव फाइलमध्ये जातच नाही, फक्त नंबर जातो. नंबर १५ पर्यंत असेल तर प्रकारासकट सगळं एका बाइटमध्ये. ७ साठी एकूण २ बाइट. नवं फील्ड वाढवलं तर जुना प्रोग्राम त्याचा अनोळखी नंबर ओलांडून पुढे जातो. नावांची यादी मात्र वेगळ्या फाइलमध्ये असते. ती हरवली की हातात नुसते नंबर.

हडूपवाल्या डग कटिंग यांनी २००९ मध्ये ॲव्ह्रो आणलं, ते मला सगळ्यात समंजस वाटतं. संपूर्ण रचना, नावांसकट, फाइलच्या डोक्यावर एकदाच लिहायची. खाली नुसता माल. तिथे ७ एका बाइटमध्ये मावतो, आणि फाइल दहा वर्षांनी कुणा अनोळखी माणसाच्या हाती पडली तरी त्याला ती वाचता येते. एकच रेकॉर्ड लिहायचं असेल तर मात्र ॲव्ह्रोची फाइल जावापेक्षाही महाग पडते, हे विसरू नका.

आमची नवी रीडिंग आता ॲव्ह्रोत जातात. जुन्या फाइली त्या जुन्या क्लाससकट एका फोल्डरमध्ये आहेत. त्या फोल्डरचं नावच आम्ही ठेवलंय, ‘यातल्या क्लासला हात लावू नका’.