अळी न कापता आत पाहता येईल का?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "एवढीशी पाण्यातली अळी. तिच्या पोटातलं चित्र घ्यायचं तर ती कापावीच लागते का?" तेव्हा वेळ संपली होती, म्हणून उत्तर आजवर राहिलं. आणि खरं सांगायचं तर या साध्या प्रश्नात सूक्ष्मदर्शकाचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

सुरुवात हॉलंडपासून करू. यान स्वामरडाम, जन्म १६३७, गाव अ‍ॅमस्टरडॅम. शिक्षण वैद्यकाचं, ओढ मात्र किड्यांची. डॉक्टरकी करून चार पैसे मिळवावेत असा वडिलांचा तगादा, आणि चिरंजीव नदीकाठच्या चिखलात बिळं करून राहणाऱ्या मेफ्लायच्या अळ्या गोळा करताहेत! त्या काळी कित्येक विद्वानांनाही वाटे की किडे चिखलातून आपोआप उपजतात, त्यांना आतली रचना अशी काही नसतेच. स्वामरडामनं अळी उघडून दाखवली. आत श्वासनलिकांचं जाळं, आतडं, मज्जारज्जू, सगळं जिथल्या तिथे. आणि पुढे येणारे पंखसुद्धा पाठीवरच्या पिशव्यांत घडी घालून ठेवलेले. हे पुस्तक १६७५ साली निघालं.

त्याच्या कात्र्या इतक्या बारीक होत्या की धार लावायलाही भिंग लागे. दिवे कामाचे नव्हते, भर उन्हात बसावं लागे. डोक्यावर टोपीसुद्धा नाही, कारण तिची सावली पडेल. बोरहाव्हनं लिहिलेल्या त्याच्या चरित्रात हे वर्णन आहे. दुपारपर्यंत डोळे इतके थकत की पुढे काम होत नसे. १६८० साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

पण इथे दोन गोष्टी हातातून सुटत होत्या. एक, कापलेली अळी मरते. मग तिचं हृदय कसं धडधडतं, आतडं कसं हलतं, हे दिसत नाही. दुसरी, जे काही दिसतं ते शेवटी हातानं काढायचं. आणि हात बऱ्याचदा मनात असतं तेच काढतो.

दुसऱ्या अडचणीवर तोडगा निघाला पॅरिसमध्ये. १८४५ साली अल्फ्रेड डॉने या डॉक्टरनं आपल्या सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासक्रमासोबत एक चित्रसंग्रह काढला. मदतनीस होता लेऑन फूको, पुढे लंबकाच्या प्रयोगामुळे गाजलेला तोच. दोघांनी सूक्ष्मदर्शकाला डॅगेरोटाइप कॅमेरा जोडला आणि रक्त, दूध अशा द्रवांची चित्रं घेतली. डॉनेचा हेतू सरळ होता: पाहणाऱ्याचं मत मध्ये न येता वस्तू जशी आहे तशी उमटावी. आता गंमत बघा. डॅगेरोटाइपच्या प्रती निघत नाहीत. त्यामुळे पुस्तकात छापताना त्यावरून पुन्हा हातानंच कोरीवकाम करावं लागलं. हात दारातून बाहेर घालवला, तो खिडकीतून परत आला.

आणि फोटो निर्दोष असतो असंही नाही. ताकद वाढवली की भिंगाला एका वेळी फार पातळ थरच स्पष्ट दिसतो. त्याच्या वरचं-खालचं सगळं धूसर. चित्रकार खाली-वर फोकस करत सगळे थर एका चित्रात बसवू शकतो; एकट्या फोटोला ते जमत नाही. आज संगणकावर अनेक फोटो जोडून आपण जे करतो, ते जुना चित्रकार डोळ्यांनी करत होता.

याचं सुंदर उदाहरण म्हणजे बाल्बियानी. १८८१ साली त्यानं तळ्याच्या तळाशी गाळात राहणाऱ्या कायरोनोमसच्या अळीच्या लाळग्रंथी पाहिल्या. हीच ती लाल अळी, मासे पाळणारे तिला 'ब्लडवर्म' म्हणतात. त्या पेशींच्या केंद्रकात त्याला आडव्या पट्ट्यांचे जाड दोरे दिसले. हे काय आहे ते कळलं नाही, तरी दिसलं तसं काढून ठेवलं. पन्नासेक वर्षं त्याचा अर्थ लागला नाही. १९३३ साली हाइट्झ आणि बाउअर यांनी एका वेगळ्या माशीत, आणि त्याच वर्षी अमेरिकेत पेंटरनं फळमाशीत दाखवून दिलं की ही महाकाय गुणसूत्रं आहेत. त्यातल्या फुगीर कड्यांना आजही बाल्बियानीचंच नाव आहे. १९६० साली क्लेव्हर आणि कार्लसन यांनी कायरोनोमसच्या अळीत कात टाकायला लावणारं संप्रेरक टोचलं, तेव्हा तासाभराच्या आत गुणसूत्रावर ठरावीक जागी फुगवटे उठले. जनुक जागं होताना डोळ्यांना दिसलं! आपल्यापैकी जे प्राणिशास्त्र शिकलेत त्यांना प्रॅक्टिकल आठवत असेल: लाळग्रंथी काढा, रंग टाका, कव्हरस्लिप ठेवा, अंगठ्यानं दाबा. म्हणजे इथेही अळी मेलीच.

मग जिवंत अळीचं काय? तिथे निसर्गच मदतीला आला. केओबोरस नावाच्या, न चावणाऱ्या डासासारख्या कीटकाची अळी काचेसारखी पारदर्शक असते. पाण्यात आडवी तरंगते, आणि शरीरात पुढे-मागे हवेच्या पिशव्यांची एकेक जोडी. कापायची गरजच नाही. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोगनं १९११ साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की या पिशव्या पाणबुडीच्या टाक्यांसारख्या काम करतात. पण पिशवी फुगते कशी? तिथे पाणी आत-बाहेर करणारा पंप नाही. हे कोडं तसंच राहिलं. उत्तर आलं २०२२ साली, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून. पिशवीच्या भिंतीत रेझिलिन नावाच्या रबरासारख्या प्रथिनाच्या पट्ट्या आहेत आणि अतिनील प्रकाशात त्या निळ्या चमकतात. अळी भिंत अल्कधर्मी करते तेव्हा पट्ट्या फुगतात, आम्ल करते तेव्हा आकसतात. त्याबरोबर पिशवी मोठी-लहान होते.

तेव्हा त्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं: प्रत्येक वेळी कापावं लागत नाही, पण प्रत्येक वेळी काहीतरी सोडावं लागतं. सुरीनं जीव जातो, रंगानंही जातो, चित्रात हाताचा कल येतो, फोटोत खोली हरवते. बाल्बियानीचं चित्र टिकलं, कारण न कळलेलंही त्यानं झाकलं नाही. म्हणून आतलं चित्र समोर आलं की आपण आधी विचारावं: हे कसं घेतलं, आणि घेताना काय सुटलं? पावसाळ्यात पिंपात वळवळणारी डासाची अळी सापडली तर पाणी ओतून देण्याआधी साध्या भिंगातून एकदा जरूर बघा. पाठीतून जाणाऱ्या दोन श्वासनलिका जिवंतपणीच दिसतील. मग मात्र पिंप रिकामं करा!