दोन चौकटी कंसांची गोष्ट

आजचा विषय संगणकाच्या इतिहासातला आहे, पण या गोष्टीत मोठ्या कंपन्या जवळजवळ नाहीतच. स्वतःची गरज म्हणून किंवा निव्वळ हौसेपोटी प्रोग्राम लिहिणाऱ्या चार-पाच माणसांची ही गोष्ट आहे. त्यांच्या छोट्याशा प्रोग्राममधून पुढे विकिपीडिया उभा राहिला. आणि त्यातल्या एका बारीक बदलामुळे आपल्या मराठीला त्या घरात शिरायला दार मिळालं. हा बदल म्हणजे दोन चौकटी कंस. त्यांचं महत्त्व कळायचं तर आधी विकी आतून कसा चालतो ते बघायला हवं.

विकीला येणारी कामं मुळात तीनच. मागितलेलं पान दाखवायचं, ते बदलायला द्यायचं आणि बदललेलं पान जपून ठेवायचं. समजा, तुमच्या संगणकावर एक फोल्डर आहे आणि त्यात साध्या मजकुराच्या फायली आहेत. एका फायलीचं नाव ‘पुणे’, दुसरीचं ‘मुळा नदी’. कुणी ब्राउझरमधून ‘पुणे’ मागितलं की प्रोग्राम ती फाइल उघडतो, मजकुराला वेबपानाचं रूप देतो आणि पाठवतो. पानाच्या तळाशी ‘बदला’ असा दुवा असतो. तो दाबला की तोच मजकूर लिहिण्याच्या चौकटीत येतो. तुम्ही दुरुस्ती करता, ‘जतन करा’ म्हणता आणि फाइल पुन्हा लिहिली जाते. झाला विकी! प्रोग्रामिंग नुकतंच शिकलेला विद्यार्थीसुद्धा काही शे ओळींत एवढं काम करून दाखवू शकतो.

मात्र यात एक चौथी गोष्ट लपलेली आहे. एका पानावरून दुसऱ्या पानावर जायचं कसं? मजकुरातला कोणता शब्द म्हणजे दुवा आणि कोणता शब्द नुसताच शब्द, हे प्रोग्रामला कसं कळणार? आपली सगळी गोष्ट या एका प्रश्नाभोवती फिरते.

आता इतिहासाकडे वळू. १९८७ साली ॲपल कंपनीने हायपरकार्ड नावाचा प्रोग्राम आणला. बिल ॲटकिन्सन यांनी तो तयार केला होता. पडद्यावर कार्डांची चळत असायची आणि एका कार्डावरून दुसऱ्या कार्डावर उडी मारता यायची. वॉर्ड कनिंगहॅम हे अमेरिकेतले प्रोग्रामर त्या वेळी टेक्ट्रॉनिक्स कंपनीत होते. कंपनीतल्या कल्पना कुणाकडून कुणाकडे जातात, कोण कोणत्या कामावर आहे, याची नोंद त्यांनी हायपरकार्डमध्ये ठेवायला घेतली. जे कार्ड अजून तयारच झालेलं नाही, त्याच्याकडेही बोट दाखवता आलं पाहिजे, ही कल्पना त्यांना तिथे सापडली. आधी नाव लिहायचं, मजकूर मागाहून कुणीतरी भरेल.

मग इंटरनेट आलं. २५ मार्च १९९५ रोजी कनिंगहॅम यांनी हीच कल्पना वेबवर आणली. पर्ल भाषेत लिहिलेल्या त्या प्रोग्रामचं नाव ‘विकिविकिवेब’. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकि’ म्हणजे चटकन, आणि होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकि विकि’ नावाची बस चालायची, तिच्यावरून हे नाव घेतलं. प्रोग्रामरांनी आपापले अनुभव एका जागी लिहावेत, एवढाच त्या संकेतस्थळाचा उद्देश होता. खातं उघडायला नको, परवानगी नको. जो वाचतो, तोच बदलतो.

दुव्याच्या प्रश्नावर कनिंगहॅम यांनी काढलेली युक्ती फार सुटसुटीत होती. दोन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता जोडायचे आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं. मधेच कॅपिटल अक्षर वर आलेलं दिसतं म्हणून या पद्धतीला उंटाच्या पाठीवरून ‘कॅमलकेस’ असं नाव पडलं. नेहमीच्या इंग्रजी मजकुरात असा शब्द सहसा येत नाही. त्यामुळे प्रोग्रामला तो नेमका ओळखता येतो, आणि लिहिणाऱ्याला वेगळी खूण शिकावी लागत नाही.

खरं तर तुम्हाला इथे एक उदाहरण द्यायला हवं होतं. पण ते मला देवनागरीत लिहून दाखवताच येत नाही. आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरच नाही! आणि नेमकी मेख इथेच आहे. त्या नियमाखाली मराठी मजकूर लिहिला असता तर प्रोग्रामला त्यात एकही दुवा सापडला नसता. पानं असती, पण एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जायला रस्ता नसता. हिंदी, गुजराती, कन्नड, तमिळ, उर्दू, अरबी, जपानी, सगळ्यांची हीच गत. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाने इंग्रजी लिहिणाऱ्या मित्रांसाठी काढलेली ती युक्ती होती. पण जगाचं दार कुणासाठी उघडं आणि कुणासाठी बंद, हे प्रोग्रामच्या एका ओळीत ठरून जातं ते असं.

विकी इतका छोटा होता की लोकांना तो स्वतः लिहून बघण्याचा मोह व्हायचा. पीटर मेरेल यांनी ‘सीव्हीविकी’ लिहिला, त्यावरून ‘ॲटिसविकी’ झाला आणि त्यावरून क्लिफर्ड ॲडम्स यांनी ‘यूजमॉडविकी’ तयार केला. एकाने पाया घालायचा, दुसऱ्याने भिंत चढवायची, आणि मूळ कोड सर्वांना खुला. यूजमॉडविकीला डेटाबेस लागत नसे. पर्लमधला प्रोग्राम आणि फायलींचा संग्रह, एवढ्यावर भागायचं.

याच सुमारास, मार्च २००० मध्ये, जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांचा ‘नुपीडिया’ हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश सुरू झाला होता. लेख तज्ज्ञांनी लिहायचा आणि तो सात टप्प्यांच्या तपासणीतून पार पडायचा. शिस्त उत्तम होती, पण लेख काही पुढे सरकेनात. अख्ख्या पहिल्या वर्षात दोन डझनसुद्धा झाले नाहीत. २ जानेवारी २००१ च्या संध्याकाळी बेन कोविट्झ या प्रोग्रामर मित्राने सँगर यांना विकी म्हणजे काय ते सांगितलं. त्यानंतर तेराव्या दिवशी, १५ जानेवारीला, विकिपीडिया सुरू झाला. त्यासाठी नवं काही बांधलं नव्हतं. ॲडम्स यांचा यूजमॉडविकी होता तसा उचलून वापरला.

आता कॅमलकेसची अडचण इंग्रजीलाही जाणवू लागली. ज्ञानकोशात ‘पाणी’, ‘लोखंड’, ‘बेल्जियम’ असे एका शब्दाचे विषय असतात. एकच शब्द असेल तर जोडणार काय? मग शब्दाच्या मधेच किंवा शेवटी नसतं कॅपिटल अक्षर घुसवावं लागे. ज्ञानकोशाला हे कसं शोभेल? म्हणून ॲडम्स यांनी प्रोग्राममध्ये एक सोय केली. ज्या शब्दांचा दुवा हवा, ते दोन चौकटी कंसांत लिहायचे. असे: [[मुळा नदी]]. बस्स. कंसांत जे असेल ते पानाचं नाव.

ही सोय इंग्रजी शीर्षकं नीट दिसावीत म्हणून झाली होती, हे लक्षात घ्या. मराठीसाठी ती कुणी केलेली नव्हती. पण कंसाला लिपी नसते. आत रोमन अक्षरं घाला, देवनागरी घाला, तमिळ घाला, प्रोग्रामला फरक पडत नाही. इंग्रजीची अडचण सुटता सुटता आपलाही अडसर निघाला. १ मे २००३ रोजी, म्हणजे नेमक्या महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्यातल्या प्रत्येक पानाला दुसऱ्या पानाशी जोडणारा धागा हाच, दोन चौकटी कंस.

मधल्या दोन वर्षांत प्रोग्रामही बदलला होता. वाचक वाढले तसा फायलींचा संग्रह पुरेना. जर्मनीत कोलोन विद्यापीठात शिकणाऱ्या माग्नुस मान्स्के यांनी पीएचपी भाषेत, मायएसक्यूएल डेटाबेसवर चालणारा नवा विकी लिहिला. जानेवारी २००२ मध्ये विकिपीडिया त्यावर गेला. तोही भाराने हळू चालू लागला, तेव्हा ली डॅनियल क्रॉकर यांनी तो नव्याने लिहिला आणि जुलै २००२ मध्ये तो लागू झाला. पुढच्या वर्षी त्याला ‘मीडियाविकी’ हे नाव मिळालं. आज विकिपीडियाच्या सगळ्या भाषांतल्या आवृत्त्या याच मीडियाविकीवर चालतात.

अशा प्रोग्राममध्ये काय जपायचं आणि काय टाकायचं, हाही निर्णय लिहिणाराच घेतो. यूजमॉडविकीत पानांच्या जुन्या आवृत्त्या काही काळाने पुसल्या जात, कारण तेव्हा जागा मोलाची होती. परिणाम असा की विकिपीडियाच्या अगदी पहिल्या महिन्यांचा इतिहास हरवल्यासारखाच झाला. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग या प्रोग्रामरला जुन्या बॅकअप फायलींत ऑगस्ट २००१ पर्यंतचे बदल सापडले, तेव्हा कुठे तो हाती लागला. जगाचा ज्ञानकोश स्वतःचं बाळपण विसरला होता! मीडियाविकीत जुनी आवृत्ती आपोआप पुसली जात नाही. कुणीही पान बदलू शकतं, हा विश्वास टिकतो तो यामुळेच. बिघडवलेलं पान मागे नेता येतं.

मग मराठीचं सगळं सुरळीत झालं का? नाही. देवनागरीतलं एक चिन्ह संगणकात तीन बाइट जागा घेतं, रोमन अक्षर एकच. मीडियाविकीत शीर्षकाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. म्हणजे इंग्रजीत २५५ अक्षरं मावतात, मराठीत काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. पानाचा पत्ता कॉपी करून पाठवला की ‘मराठी’ या छोट्याशा शब्दाची अनेकदा ४५ चिन्हांची अगम्य माळ होते. शिवाय आपलं व्याकरण! इंग्रजीत अनेकवचन करताना बहुतेक वेळा कंसाबाहेर एक अक्षर जोडलं की भागतं. आपल्याकडे ‘पुणे’चं ‘पुण्यात’ होतं, ‘सातारा’चं ‘साताऱ्यात’, ‘नागपूर’चं ‘नागपुरात’. शब्द आतूनच बदलतो. म्हणून मराठीत लिहिताना [[पुणे|पुण्यात]] असं दोनदा लिहावं लागतं, मधे उभी रेघ देऊन. मराठी विकिपीडियावर लिहिणारे स्वयंसेवक हे जास्तीचं काम रोज निमूटपणे करतात.

मंडळी, या गोष्टीतून मला दिसतं ते एवढंच. दार उघडलं ते योगायोगाने, आणि योगायोगावर भाषा किती दिवस सोडायची? तुम्ही बडोद्यात असा, इंदुरात, बेळगावात की तंजावरात, तुमच्या घरात कुणीतरी प्रोग्रामिंग शिकत असेल. गावातल्या मराठी वाचनालयासाठी, आजीच्या तोंडच्या शब्दांसाठी, जुन्या मंडळाच्या कागदपत्रांसाठी एखादा छोटा विकी लिहिणं त्याच्या किंवा तिच्या आवाक्यात आहे. तो लिहायला बसण्याआधी तीन प्रश्न विचारायला सांगा. माझ्या लिपीत दुवा देता येईल का? माझ्या भाषेतला शब्द विभक्ती लागून बदलला तरी पान सापडेल का? आज पुसलेलं उद्या परत मिळेल का?

कनिंगहॅम आणि ॲडम्स यांच्यासमोर त्यांच्या भाषेचे प्रश्न होते, ते त्यांनी सोडवले. आपले प्रश्न आपल्यालाच ठाऊक आहेत. ते सोडवणारा प्रोग्रामही आपल्यापैकीच कुणाला तरी लिहावा लागेल.