परभणी जिल्हा व त्याचे वर्तमानपत्र

आपल्या ज्ञातीतील बहुतेक जुन्या घरांत एखादी लोखंडी ट्रंक असते. तीत खरेदीखते, लग्नपत्रिका, वडिलांच्या हातचे हिशेब, आणि सर्वांच्या तळाशी अंथरलेले पिवळे पडलेले वर्तमानपत्र. खरेदीखत आपण जपून ठेवतो. तळचा कागद मात्र झटकून टाकतो. त्या तळच्या कागदाविषयी ज्ञातिबांधवांपुढे चार शब्द मांडावेत, असा हेतू आहे.

मराठी वृत्तपत्राचा आरंभ मुंबईस १८३२ साली ‘दर्पणा’ने झाला. १८६६ मध्ये ठाण्यासारख्या त्या काळच्या लहान गावातून ‘अरुणोदय’ निघू लागले. परभणीकडे हा उजेड फार उशिरा पोहोचला, आणि त्याचा सारा दोष आपल्या वडिलांच्या निरक्षरतेवर टाकणे अन्यायाचे होईल. जिल्हा निजामाच्या राज्यात. कचेरीची व न्यायालयाची भाषा उर्दू. जाहीर सभा भरवावयाची तर १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ प्रमाणे आधी सरकारची परवानगी. जेथे चार माणसे एकत्र बसविण्यास परवाना लागे, तेथे छापखाना घालण्याचे धाडस कोण करणार? हैदराबादेहून १९२० पासून ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक निघत असे खरे. पण राजधानी दूर होती.

पुढील दोन वर्षे परभणीकरांनी विशेष ध्यानात ठेवावीत. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर आज जालना जिल्ह्यात असले, तरी त्या वेळी ते आपल्याच जिल्ह्याचे गाव होते. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा नाव पालटून ते पुन्हा निघाले. पुन्हा बंदी आली, पुन्हा नवे नाव आले. ब्रिटिश मुलखात छापलेले हे अंक संस्थानात गुपचूप येत व हातोहात फिरत. आपल्या गावची बातमी आपणांस परमुलखातून छापून यावी, याहून विचित्र अवस्था कोणती! हे धाडस किती जोखमीचे होते, हे ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांच्या हत्येवरून कळते. ऑगस्ट १९४८ मध्ये, पोलीस कारवाईस जेमतेम महिना उरला असता, हैदराबादेत त्यांना मारण्यात आले.

राज्य मुक्त झाल्यावर तालुक्याच्या गावांतूनही साप्ताहिके निघू शकली. त्यांचे यंत्र बहुधा पायाने चालवावयाचे ट्रेडल. खिळे एकेक वेचून जुळवावयाचे. संपादक, बातमीदार, मुद्रितशोधक आणि वर्गणी मागत फिरणारा, हे चौघे पुष्कळदा एकच गृहस्थ असत. लग्नपत्रिकांच्या छपाईवर छापखाना जगे आणि छापखान्यावर वर्तमानपत्र जगे. न्यायालयाच्या नोटिसा व पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या जाहिराती यांवर पोट असल्यामुळे लेखणी पुष्कळदा मवाळ होई, हेही लपविण्यात अर्थ नाही. तरीही बाजारभाव, नदीचा पूर, शाळेचा निकाल, कोणाच्या घरचे कार्य वा कोणाचे निधन, हे सारे तेथेच छापून येई. मुंबई-पुण्याच्या पत्रांना त्याची गरज नव्हती.

‘मराठवाडा’ पुढे औरंगाबादेस आले, अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली वाढले, १९६८ साली दैनिक झाले आणि कालांतराने बंदही पडले. १९८२ मध्ये ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती निघाली. मोठी दैनिके जिल्ह्याची पाने देऊ लागली, तसे लहान पत्रांचे वर्गणीदार ओसरले. छापखाने मोडीत गेले, खिळे वजनावर विकले गेले. अंकांच्या फायली कोणी ठेवल्या, कोणी ठेवल्या नाहीत. उरल्या त्यांतील पुष्कळ वाळवीने खाल्ल्या.

म्हणून विनंती एवढीच की, यंदा दिवाळीची झाडझूड करताना ट्रंकेच्या तळाचा कागद टाकण्यापूर्वी एकदा उलगडून पाहावा. त्यावर पत्राचे नाव व तारीख असेल, तर मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, आणि मूळ कागद घडी न पाडता जवळच्या वाचनालयात नेऊन द्यावा.